पहिले तीन आठवडे किट उघडू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका केली आहे. लग्न आणि मुलगी यांत सहा वर्षं नोकरीबाहेर गेली. जुळे सोलापुरात राहतात. जवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेनं पहिली ते चौथीला रोबोटिक्स आणि कोडिंग शिकवायला आठवड्यातून दोन दिवस बोलावलं आहे. आठ तुकड्या, प्रत्येकीला आठवड्यातून एक तास, पंचेचाळीस मिनिटांचा, तासाला ३५० रुपये. लहान मुलांना याआधी कधी शिकवलेलं नाही. काम घ्यावं का, काय शिकवावं, किट कोणतं मागावं आणि शनिवारी घरी बॅच घेता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, काम घ्या. मी हे काम सोलापुरातच अकरा वर्षं करते आहे, आणि आजही पहिलीच्या वर्गात शिरताना आनंद होतो. पण होकार देण्याआधी दोन गोष्टींची नीट तयारी करा: वर्गाबाहेरच्या तुमच्या वेळेचा हिशोब, आणि स्वतःचे हात आवरायची सवय. पहिली गोष्ट चुकली तर तुम्ही दिवाळीपर्यंत थकाल. दुसरी चुकली तर मुलं काहीच शिकणार नाहीत, आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण टेबलावर रोबो तर फिरतच असेल.

आधी पैशांचं बोलते. आठ तासांचे आठवड्याला २,८०० रुपये होतात. शाळा तुम्हाला 'महिन्याला अकरा हजार' असं सांगेल. ते खरं धरू नका. जून ते एप्रिल या काळातून दिवाळीची सुट्टी, दोन सत्रांच्या परीक्षा, स्नेहसंमेलनाच्या तालमी, खेळाचे दिवस आणि सणांच्या सुट्ट्या वजा करा. मी प्रत्यक्ष तासांचे तीस आठवडेच धरते. म्हणजे वर्षाचे ८४,००० झाले, बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला ७,०००. आता वेळ मोजा. वर्गात सहा तास. शिवाय अर्धा तास आधी पोचणं, सेल चार्ज करणं, सुटे भाग मोजून डब्यात लावणं, पुढच्या आठवड्याचे पत्ते, म्हणजे सूचनांची कार्डं, कापणं, तुटलेल्या वायरी जोडणं, जाणं-येणं. सगळं धरून आठवड्याला बारा तास सहज होतात. तुमच्या एका तासाला सुमारे २३३ रुपये पडले. एवढ्यात परवडतं का ते घरी बसून ठरवा, मुख्याध्यापकांच्या खोलीत नव्हे.

मी स्वतः तासावर काम घेत नाही, सत्राचं ठरीव मानधन मागते. सुट्टी आली, गॅदरिंग आलं तरी ते कापायचं नाही, असं लिहून घेते. शाळेला हे सुरुवातीला जड वाटतं, पण वर्षभराचा नियोजनाचा कागद समोर ठेवला की बहुतेक जण मान्य करतात. साहित्याचा खर्च शाळेचा, दुरुस्तीची एक लहान रक्कम वेगळी, हेही त्याच कागदावर घ्या. शाळा तुमचं मानधन व्यावसायिक फी म्हणून देणार असेल आणि वर्षाची रक्कम ५०,००० च्या वर गेली, तर त्यातून दहा टक्के कर आधीच कापला जातो. घाबरू नका, विवरणपत्र भरलं आणि तुमचं उत्पन्न करपात्र नसलं तर तो परत मिळतो. तेवढ्यासाठी पॅन कार्ड बरोबर ठेवा.

आणखी एक गोष्ट मागा, जिला पैसे लागत नाहीत. पंचेचाळीस मिनिटांतली दहा मिनिटं मुलांना रांगेतून आणण्यात जातात आणि दहा आवरण्यात. हातात पंचवीस उरतात. पहिली-दुसरीला तेवढी पुरतात, त्यांचं लक्षही तेवढंच टिकतं. तिसरी-चौथीला मात्र जोडणी करायची तर पंचवीस मिनिटांत फक्त पसारा होतो. म्हणून तिसरी-चौथीच्या चार तुकड्यांना दर आठवड्याला एकेक तास देण्याऐवजी एक आठवडा सोडून जोडतास द्या. तुमचे तास आठच राहतात, वेळापत्रकही फारसं हलत नाही.

आता काय शिकवायचं ते. प्राथमिकसाठी तयार अभ्यासक्रम शोधत बसू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोडिंगचा उल्लेख आहे तो माध्यमिकपूर्व टप्प्यासाठी, म्हणजे सहावीपासून पुढे. अटल टिंकरिंग लॅबही सहावी ते बारावीसाठीच असतात. पहिली ते चौथीत काय व्हावं हे या दोन्हींत बांधून दिलेलं नाही, त्यामुळे जो तो विक्रेता आपला डबा पुढे करतो. आपल्याला तो डबा शिकवायचा नाही. या वयात मुलाला तीन गोष्टी याव्यात असं मी मानते: नेमकी सूचना देता यावी, पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट ओळखता यावी, आणि चूक कुठे झाली ते शांतपणे शोधता यावं. तिसरी सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत मोलाची.

म्हणून पहिले तीन आठवडे किट उघडू नका. सोलापुरातल्या बऱ्याच जुन्या शाळांत अजून शहाबादी फरशी आहे. तिच्यासारखी दुसरी पाटी नाही. एक फरशी म्हणजे एक चौकोन. एका मुलाला रोबो करा, चार फरश्या पुढे आणि दोन फरश्या उजवीकडे त्याचा डबा ठेवा. बाकीच्यांनी पत्त्यांवर बाण काढून त्याला तिथवर न्यायचं. रोबोनं स्वतःची अक्कल चालवायची नाही, सांगितलं तेवढंच करायचं. नव्या शाळेत टाइल्स असतील तर खडूनं चौकोन आखा.

पहिल्याच खेळात एक अडचण येईल, ती आधी सांगते. 'उजवीकडे' म्हटलं की मूल उजव्या बाजूच्या फरशीवर पाऊल टाकतं. रोबोच्या भाषेत उजवीकडे वळणं म्हणजे जागच्या जागी तोंड फिरवणं, सरकणं नाही. हा फरक मोठ्यांनाही पटकन उमजत नाही. मी 'वळ' आणि 'चाल' असे दोनच शब्द ठेवते आणि वळण्याचा पत्ता वेगळ्या रंगाचा करते. पहिलीत डावं-उजवं पक्कं नसतंच. उजव्या मनगटात लाल दोरा बांधला की काम सोपं होतं. तुम्ही मुलांकडे तोंड करून उभ्या असाल तर तुमचा उजवा हात त्यांचा डावा होतो, म्हणून दाखवताना त्यांच्याकडे पाठ करून उभ्या राहा. आणि नव्वद अंश म्हणू नका, 'पाव वळण' म्हणा. कोन पुढे केव्हातरी येतो, पाव भाकरी सगळ्यांना माहीत असते.

हा खेळ काही माझा शोध नाही. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा केली. पुढे तिच्यावर चालणारं जमिनीवरचं यांत्रिक कासवही आलं. मूल अडलं की त्याला उठून स्वतः कासवासारखं चालून बघायला सांगायचं, ही पद्धत तेव्हापासूनची. शरीरानं केलेली गोष्ट डोक्यात लवकर बसते.

आपल्या गावात याला आणखी एक रंग चढतो. एका वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं शेजारी बसलेली असतात. पूर्व भागातल्या एका शाळेत रोबो झालेल्या मुलीला कुणी 'पुढे' म्हणत होतं, कुणी 'मुंदुकु', कुणी 'मुंदे', कुणी 'आगे'. गोंधळ वाढला तेव्हा तिसरीतल्याच एका मुलानं फळ्यावर बाण काढला आणि म्हणाला, "हे सगळ्यांना कळतं." प्रोग्रॅमिंगची भाषा का लागते, हे मला त्याच्याइतकं स्वच्छ सांगता आलं नसतं. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी मुलांना घरच्या भाषेत विचार करू द्या. पत्त्यावर चिन्ह असलं की पुरे.

सोलापुरात राहून जॅकार्डबद्दल न बोलणं हा तर अन्याय होईल. जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जो माग केला, त्यात नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर असायची. जिथे भोक, तिथे उभा धागा उचलला जातो. जिथे भोक नाही, तिथे तो खाली राहतो. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राची कल्पना मांडताना सूचना देण्यासाठी हेच पुठ्ठे घेतले. म्हणजे ज्या तत्त्वावर आपली सोलापुरी चादर विणली गेली, त्याच तत्त्वावर संगणकाला सूचना द्यायची वाट सुरू झाली. चौथीला मी चौकटीचा कागद देते. रंगवलेली चौकट म्हणजे एक, कोरी म्हणजे शून्य. एक मूल आकडे वाचतं, दुसरं न बघता रंगवतं, आणि कागदावर मोर किंवा फूल उमटतं.

एकदा अशाच तासाला एक मुलगी गप्प बसली होती. वडील यंत्रमागावर. घरी जाऊन तिनं त्यांना विचारलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात ती जुन्या जॅकार्डचा भोकांचा पुठ्ठा दप्तरात घालून घेऊन आली आणि अख्ख्या वर्गाला तिनं तो वाचून दाखवला. त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. आपल्या वडिलांचं काम आणि संगणक यांच्यात नातं आहे हे त्या पोरीला कळलं, तेव्हाचा तिचा चेहरा मला आजही आठवतो. तुमच्या वर्गात अशी घरं असतील तर त्यांना नक्की बोलवा.

आता हात आवरण्याबद्दल. माझ्या पहिल्या वर्षी एका शाळेत मी चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या घेऊन गेले. दुसऱ्या तासाला मोटारी मंदावल्या, तिसऱ्या तासाला बंद पडल्या. चाळीस मुलं ओरडत होती. मी एकेका टेबलाशी धावत जाऊन वायरी ओढून, सेल बदलून गाड्या चालू करून दिल्या. टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात एका मुलाची वायर निसटली. त्यानं तिला हातही लावला नाही, गाडी माझ्यापुढे धरून म्हणाला, "मॅडम, तुम्हीच करा." तेव्हा मला कळलं की मागच्या आठवड्यात मी त्यांना काय शिकवलं होतं.

तेव्हापासून मी वर्गात हात पाठीमागे बांधून फिरते. खरोखर बांधते. मूल अडलं की एकच प्रश्न विचारते: "कुठपर्यंत बरोबर चाललं होतं?" मग ते बोट ठेवून पत्ते मोठ्यानं वाचतं, रोबो पुन्हा पहिल्या चौकोनापासून चालतो, आणि बहुतेक वेळा मूल स्वतःच मध्येच थांबून "अय्या" म्हणतं. आपल्या मुलांना खोडरबरची फार घाई असते. वहीत लाल फुली मिळायची भीती असते ना, म्हणून एक पत्ता चुकला की ती सगळेच पत्ते गोळा करतात आणि नव्यानं मांडतात. असं करू द्यायचं नाही. माझ्याकडे डबाभर चिंचोके आहेत. जो पत्ता चुकलाय असं वाटतं, त्याच्यावर चिंचोका ठेवायचा, बाकीचे तसेच राहू द्यायचे. महिन्याभरात मुलं "मॅडम, चिंचोका सापडला" असं म्हणू लागतात. चूक सापडल्याचा आनंद त्या आवाजात ऐकू येतो. तो ऐकू येईपर्यंत पुढचा धडा घेऊ नका.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टीसाठी जानेवारी उत्तम. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत मुलांच्या डोक्यात सिद्धेश्वरांची यात्राच असते. सात नंदीध्वज आणि ६८ लिंगांची प्रदक्षिणा. मी म्हणते, आपला रोबो प्रत्येक लिंगापाशी थांबून नमस्कार करणार, लिहा पत्ते. दहाव्या-बाराव्या पत्त्याला मुलं कंटाळतात आणि कुणीतरी म्हणतंच, "हेच ६८ वेळा कर, असं सांगू या की." तिथे 'पुन्हा कर'चा पत्ता जन्माला येतो. आधी पत्ता देऊन मग उदाहरण शोधलं तर ही मजा राहत नाही.

पडद्यावर यायचं ते यानंतर. पहिली-दुसरीला स्क्रॅच ज्युनियर घ्या. २०१४ मध्ये आलेलं, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी केलेलं, चित्रांचे ठोकळे असलेलं ॲप आहे. वाचता यावं लागत नाही, टॅबवर चालतं आणि एकदा घेतलं की इंटरनेट लागत नाही. तिसरी-चौथीला स्क्रॅच, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत तयार झालेलं, २००७ पासून सगळ्यांसाठी खुलं. दोन्ही फुकट आहेत, शाळेला कुणी त्यांच्या नावानं वर्गणी मागितली तर देऊ नका. स्क्रॅचची संगणकावर उतरवून घ्यायची आवृत्तीच वापरा, ऐन तासाला नेट गेलं तरी अडत नाही. वीज गेली तर मात्र पत्त्यांचा डबा जवळ हवा. स्क्रॅचच्या रंगमंचावर जागा सांगायला ऋण संख्या येतात, त्या चौथीपर्यंत शिकवलेल्या नसतात. तो भाग सोडून द्या, 'चाल' आणि 'वळ' यांवर वर्ष निघतं. एका पडद्यापुढे दोनच मुलं बसवा. तिसरं फक्त बघतं.

किटबद्दल माझं मत कडक आहे. चकचकीत, बंद खोक्याची, एकच गाडी होणारी किट घेऊ नका. एक भाग हरवला की ती कपाटात जातात. त्यापेक्षा सुटं साहित्य मागा: खेळण्यांतल्या लहान, बिनगिअरच्या मोटारी, दोन सेलचे होल्डर, स्विच, मगरचिमटे (वायरी जोडायचे दातेरी चिमटे), कागदी पेले, स्केचपेन. चाळीसच्या तुकडीला तीन-तीनचे गट केले, एका गटात चौघं, तर तेरा संच, दोन जादा, एकूण पंधरा. मोटारीच्या दांड्यावर खोडरबरचा तुकडा एका बाजूला कलता लावायचा, मोटार पेल्यावर बसवायची, पेल्याला तीन स्केचपेनांचे पाय. सुरू केलं की पेला थरथरत गोल गोल रेघा काढत फिरतो. खोडरबर मधोमध लावला तर काय होतं, पाय लांब केले तर काय होतं, हे मुलांनी करून बघायचं. सेल मात्र पेन्सिल सेलच्या आकाराचे, पुन्हा चार्ज होणारे घ्या. पंधरा संचांना तीस सेल लागतात आणि आठ सेलच्या चार्जरवर चार खेपा. हा वेळ वरच्या हिशोबात धरलेला आहे. चौथीला पुढे न्यायचं असेल तर मायक्रोबिट चांगला. पंचवीस दिव्यांची छोटी पाटी, दोन बटणं, आणि तो हातात नसतानाही संगणकावर त्याची नक्कल चालवून बघता येते. शाळेनं पाच जरी घेतले तरी चालतं.

महागडं यंत्र नाही म्हणून हिरमुसू नका. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. कागदावर छापलेला एक काळा-पांढरा चौकोन, एवढंच ते साधन होतं. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे.

सुरक्षिततेत मी कुणाचंही ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका. बटणाच्या आकाराचे चपटे सेल प्राथमिकच्या वर्गात आणायचेच नाहीत. मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं. असं झालं तर वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं. जाड लिथियम सेलही नकोत. डाग देणं (सोल्डरिंग) आणि गरम गोंदाची बंदूक, दोन्ही घरी करून न्यायचं. मोटारीजवळ रिबीन आणि मोकळे केस नकोत. होल्डरच्या दोन वायरी एकमेकींना टेकल्या तर सेल तापतात, हे पहिल्याच दिवशी दाखवा.

तुम्ही बाहेरून येणार, म्हणून वर्गशिक्षिका तासभर वर्गात थांबतील, असं लेखी घ्या. त्या वह्या तपासत बसल्या तरी चालेल, पण असाव्यात. शिस्तीसाठीही आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीही. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी स्वतःहून करून द्या. मुलांचे फोटो शाळेच्या परवानगीशिवाय स्वतःच्या स्टेटसला लावू नका.

गटात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. जोडायचं काम मुलगे ओढून घेतात आणि मुलींच्या हातात वही देतात, अगदी पहिलीपासून. मी तीन रंगांची रबरबँड देते: लाल वाचणार, निळा जोडणार, हिरवा तपासणार. दर आठवड्याला रंग बदलतात. चर्चा नाही.

शनिवारी घरी बॅच जरूर घ्या, पण पहिलं वर्ष नको. शाळेशी काही अट ठरली असेल तर ती आधी वाचा. एखादी पूर्णवेळ शिक्षिका मैत्रीण तुमच्याबरोबर बॅच घेऊ म्हणत असेल तर तिला थांबवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी करता येत नाही. घरी आठपेक्षा जास्त मुलं घेऊ नका. आणि एखाद्या कंपनीनं आधी अनामत रक्कम भरा, मग आमचं नाव आणि किट वापरा असं म्हटलं, तर तो पैसा सुट्या साहित्यात घाला.

पालक विचारतील, "घरी काय बनवून आणणार?" पहिल्या सत्रात फार काही नाही, असं पालकसभेतच सांगा. त्याच सभेत दोन पालकांना उभं करून शहाबादी फरशीचा खेळ खेळवा. एक रोबो, दुसरा सूचना देणारा. 'उजवीकडे' म्हटल्यावर रोबो झालेले बाबा सरकतील, वळणार नाहीत. मागून मुलं ओरडतील, "बाबा, चिंचोका!"